थंडोबाचे सहा पंखे

माणूस मित्र निवडतो, बायको निवडतो, चप्पल तर चार दुकानं पालथी घालून निवडतो. साडू मात्र आयता मिळतो. तो मेहुणीने निवडलेला असतो. आपण फक्त घरच्या कार्यात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं आणि ‘बाकी काय?’ असं विचारायचं. या वाटपात माझ्या वाट्याला जो नग आला, त्याला आमच्या घरात थंडोबा म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या बँकेला ठाऊक असावं.

हे नाव ठेवलं सासूबाईंनी. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा गडबडीत त्यांच्या हातून वाफाळत्या चहाचा आख्खा कप त्याच्या मांडीवर सांडला. दुसरा कोणी असता तर छताला चिकटला असता. हा शांतपणे उठला, रुमाल काढला आणि म्हणाला, “चहा चांगला उकळलाय.” त्या रात्री सासूबाईंनी निकाल दिला, “आपली धाकटी म्हणजे फुटाणा. तिला हा थंडोबाच पाहिजे.” धाकटी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. फुटाणा आणि थंडोबा यांचा संसार तेव्हापासून दोन खोल्यांच्या घरात सुरळीत चालू आहे. म्हणजे फुटाणा तडतडतो आणि थंडोबा ऐकतो.

थंडोबाचा धंदा म्हणजे न बांधलेल्या घरांची चित्रं काढणं. बिल्डर त्याला नकाशा आणून देतो आणि हा कॉम्प्युटरवर इमारत उभी करतो. ती इतकी सुंदर असते, की ‘हे आपण खरंच बांधणार आहोत का?’ असा प्रश्न बिल्डरलाही पडावा. त्याच्या चित्रात आभाळ नेहमी निळं, झाडं नुकतीच आंघोळ केल्यासारखी आणि प्रत्येक गॅलरीत एक बाई कॉफीचा मग घेऊन दूरवर बघत उभी. एकदा मी त्याला विचारलं, “अरे, एवढ्या चाळीस गॅलऱ्या, आणि एकीतही कपडे वाळत घातलेले नाहीत?”

“कपडे दाखवले तर फ्लॅट विकला जात नाही, दादा.”

“आणि ही बाई बघते कुठे?”

“हप्त्यांकडे,” तो म्हणाला. थंडोबा विनोदही असा करतो, की तो विनोद आहे हे घरी पोहोचल्यावर कळतं.

स्वतः थंडोबाच्या गॅलरीत मात्र इतके कपडे वाळत असतात, की आभाळ बघायचं तर आधी चादर बाजूला करावी लागते. घरात आतली खोली झोपायची आणि बाहेरचा हॉल कामाचा. हॉलच्या मध्ये एक भलंमोठं कपाट आडवं लावलेलं आहे. कपाटाच्या अलीकडे धाकटी काम करते, पलीकडे हा. भिंत आणि कपाट यांच्यात वीतभर फट आहे. तिच्यातून चहाचे कप जातात, बिस्किटं जातात, चष्मा जातो, भांडणं जातात. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली, दोघं दिवसभर एकमेकांना दिसत नाहीत आणि दिवसभर एकमेकांच्या हाकेत असतात. माझी बायको म्हणते, सुखी संसाराचं मर्म त्या कपाटात आहे. आमच्या घरी तसं कपाट मावत नाही, हे ती कोणाला उद्देशून म्हणते ते मी विचारत नाही.

धाकटी बोलायला शिकवते. जी मुलं अडखळतात, बोबडी बोलतात, ती तिच्याकडे येतात. आजारपणात ज्यांची वाचा गेली अशी मोठी माणसंही येतात. आमच्या सासूबाईंचं मत असं, की आमच्या घराण्यातल्या बाईने दुसऱ्याला बोलायला शिकवणं म्हणजे माशाने पोहण्याचा क्लास काढण्यासारखं आहे. पण धाकटीचा खरा हातखंडा बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. समोरच्याची जीभ दाताला लागली की टाळ्याला, हे ती डोळे मिटून सांगते. तिच्यासमोर मी एकदा ‘मला सर्दी नाही’ असं म्हणालो, तर तिने काही न बोलता वाफ घ्यायचं भांडं आणून दिलं.

हे सगळं छान चाललं होतं. मग बिल्डरांना चित्रं पुरेनाशी झाली. त्यांना चित्रपट पाहिजे झाला. दारातून आत शिरायचं, जिना चढायचा, स्वयंपाकघरात डोकावायचं आणि गॅलरीत जाऊन सूर्यास्त बघायचा. आता असा मिनिटभराचा फेरफटका बनवायचा म्हणजे कॉम्प्युटरला हजारो चित्रं एकामागून एक काढावी लागतात. तो सकाळी सुरू केला की संध्याकाळपर्यंत तापत राहतो. म्हणून थंडोबाने स्वतःच्या हाताने नवा कॉम्प्युटर जोडला, तोही पाण्याने गार होणारा.

“पाणी आणि वीज एकाच डब्यात?” मी दोन पावलं मागे सरकलो.

“मोटारीच्या इंजिनासारखं आहे, दादा. पाणी नळ्यांतून फिरतं, चिपची उष्णता उचलतं आणि या जाळ्यांत येतं. हे रेडिएटर. एक वर, एक पुढे. प्रत्येकावर तीन पंखे. पंखे जाळीतून वारा ढकलतात, पाणी निवतं आणि परत कामाला जातं.”

“गळलं तर?”

“माणसाच्या अंगातही पाणी असतं आणि डोक्यात वीज असते. आपण गळतो का?”

“सगळ्यांच्याच डोक्यात नसते,” माझी बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

कॉम्प्युटर देखणा होता, यात शंका नाही. काचेचं दार, आत चकाकत्या नळ्या. पण तो काम करू लागला, पाणी तापलं, की रेडिएटरबरोबर आलेले ते सहा पंखे जोरात फिरायला लागत आणि हॉलभर एकच आवाज भरून राही: स्सऽऽऽ. शाळकरी मुलांच्या तासांचं त्याने काही बिघडलं नाही. मुलं मुळातच पंख्यांना भारी होती.

बिघडलं ते हेडमास्तर आल्यावर.

हे निवृत्त हेडमास्तर. एके काळी त्यांच्या खाकरण्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा दंगा थांबायचा. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय परत आला, हात परत आला, वाचा मात्र आली नाही. धाकटीने ती एकेक अक्षर करून ओढून आणायला सुरुवात केली. आधी नुसते स्वर आले. मग ‘म’ आला, ‘ब’ आला, ‘त’ आणि ‘क’ही रडतखडत आले. ‘स’ मात्र काही केल्या येईना. हेडमास्तर जीभ दातांमागे न्यायचे, कपाळावर घाम यायचा आणि तोंडातून बाहेर पडायचा तो नुसता पुसट श्वास. तो श्वास ‘स’च्या किती जवळ आलाय, कालच्यापेक्षा आज किती पुढे सरकलाय, हे ऐकून धाकटी त्यांना सांगायची. ऐकू आलं तर सांगणार ना! ज्या अक्षरासाठी हेडमास्तर जिवाचं रान करत होते, तेच अक्षर कपाटाच्या पलीकडे एक यंत्र दिवसभर फुकटात म्हणत बसलं होतं.

“मला सरांचा श्वास ऐकायचाय,” धाकटी फटीतून म्हणाली. “मला ऐकू येते तुझी इमारत.”

थंडोबाने सरांच्या तासापुरता कॉम्प्युटर बंद ठेवून पाहिला. पण तो मध्येच थांबवला की फेरफटका अर्ध्या जिन्यावर तुटायचा आणि पुन्हा दारापासून सुरुवात. बिल्डर ओरडू लागला. आतल्या खोलीत मशीन नेऊन पाहिलं, तर ती खोली भट्टी झाली आणि आवाज दाराखालून आला तो आलाच.

शेवटी धाकटीने एक दिवस फटीतून चहाचा कप देता देता सांगितलं, “शिकवायला मागच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. मी बघून आले. खिडकी चांगली आहे. शिंप्याला महिनाअखेरीला सांगते म्हटलंय.”

“चांगलं आहे,” थंडोबा म्हणाला.

हे धाकटीने बहिणीला सांगितलं आणि बहिणीने मला. सांगून झाल्यावर माझी बायको म्हणाली, “अहो, तो नुसतं ‘चांगलं आहे’ म्हणाला. म्हणजे पार कोसळलाय.”

ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात थंडोबा उभा. एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. मी पेपर वाचत होतो. तो माझ्यासमोर बसला आणि बराच वेळ पेपरची मागची बाजू वाचत राहिला. मग म्हणाला, “दादा, पंखे बदलायचे.”

“मग बदल की. त्यात विचारायचं काय?”

“चांगले निवडायला पाहिजेत. महिनाअखेरीच्या आत.” मग माझ्याकडे न बघता, “ती गेली तर हॉलमध्ये मी आणि कपाट.”

थंडोबाच्या तोंडून भावना व्यक्त होणं म्हणजे आमच्या सरकारी नळाला दुपारी पाणी येण्यासारखं. मी पेपर खाली ठेवला आणि चप्पल शोधायला उठलो.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात पंख्यांची आख्खी भिंत होती. मला वाटलं होतं पंखा म्हणजे पंखा. तिथे काळे होते, पांढरे होते, रात्री इंद्रधनुष्यासारखे उजळणारे होते. प्रत्येक खोक्यावर आकडे: फेरे किती, वारा किती, आवाज किती. थंडोबा एकेक खोका डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागला. मुलगी बघायला गेलेला माणूसही इतकं निरखून बघत नाही. दुकानदाराने आधी स्टूल दिलं, मग पाणी दिलं, शेवटी दुपारच्या जेवणासाठी शटर अर्धं ओढलं आणि आम्हाला आतच ठेवलं. अखेरीस वेगवेगळ्या जातीचा एकेक पंखा, ‘नाही आवडला तर परत’ या बोलीवर घेऊन आम्ही निघालो.

“याला पसंती कोणाची लागणार?” दुकानदाराने मला हळूच विचारलं.

“बायकोची.”

“मग त्यांनाच घेऊन यायचं होतं,” तो म्हणाला. तेव्हा मी हसलो. पुढे मला त्या हसण्याचा पश्चात्ताप झाला.

थंडोबाला धाकटीला चकित करायचं होतं. म्हणून रविवारी ती मैत्रिणीकडे गेल्यावर त्याने आमची सभा भरवली. मी, माझी बायको आणि सासूबाई असे तीन परीक्षक. आवाजाची परीक्षा म्हणून त्याने फ्रिज बंद केला, छताचा पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली ठेवलं, खिडक्या लावल्या. घामाच्या धारा लागल्या. माझी बायको पदराने वारा घेऊ लागली तर तो म्हणाला, “ताई, बांगड्या.”

मग हॉलच्या मध्यभागी छताच्या हुकाला दोरीने एकेक पंखा टांगून तो चालू करू लागला. आम्ही श्वास रोखून ऐकायचं आणि दहापैकी गुण द्यायचे.

“याला सात,” मी म्हणालो.

“सात कसले? हा घोरतोय,” माझी बायको म्हणाली. “तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला घोरणं ऐकायची सवय नाही, ते मला ऐकावं लागतं.”

“सासूबाई, तुम्ही?”

“मला तर सगळेच गुणी वाटतात,” सासूबाई म्हणाल्या. “एकाचाही आवाज नाही.” सासूबाईंना कमी ऐकू येतं, हे त्या सोडून सगळ्यांना माहीत आहे. “पण तो निळा दिसायला बरा आहे, जावईबापू. पांढरा मळेल.”

निवडून आला तो भरपूर पात्यांचा एक राखाडी पंखा. काय त्याचा वारा! समोरचा पडदा पताकेसारखा फडफडला, सासूबाईंचे केस उडाले, आणि आवाज म्हणाल तर नावाला नाही. थंडोबाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हसू म्हणता येईल असं काहीतरी पाहिलं. त्याने दुकानात जाऊन तसले सहा आणले, रेडिएटरवर बसवले आणि सर्वांत लांबलचक इमारत कामाला लावली.

सुरुवातीला शांतता. मग पाणी तापलं. पंख्यांनी वेग घेतला. पाणी आणखी तापलं. पंख्यांनी आणखी वेग घेतला. पडद्यासमोर पराक्रम गाजवणारे ते सहा वीर जाळीसमोर उभे राहिल्यावर जागच्या जागी गरगरू लागले. पलीकडे वाऱ्याची झुळूक नाही आणि अलीकडे आवाज चढतच चाललाय. शेवटी स्क्रीनवरची कॉफीवाली बाई एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजली आणि कॉम्प्युटर स्वतःहून बंद पडला. नेमकी तेव्हाच धाकटी दारातून आत आली.

“अय्या, चहा ठेवलायस? जिन्यात किटलीची शिट्टी ऐकू आली.”

सासूबाई म्हणाल्या, “मी निळा सांगितला होता.”

चूक काय झाली ते थंडोबाला दोन दिवसांनी उमगलं. ते सांगायला तो माझ्या ऑफिसात आला. रेडिएटरची जाळी म्हणजे फणीच्या दातांसारख्या पातळ पत्र्यांची दाट रांग. तिच्यातून वारा पार करायचा तर पंख्याला रेटा पाहिजे, दाब पाहिजे. आम्ही निवडला तो पंखा मोकळ्या हवेतला. पुढे कोणी आडवं येत नाही तोवर तो वादळ. फणी आडवी आली की नुसता धापा टाकतो.

“म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांसारखा,” मी आवाज खाली आणून म्हणालो. “सत्काराला उभे राहिले की तासभर बोलतात. वरच्या मीटिंगमध्ये यांना खुर्ची सरकवा म्हणायला जमत नाही.”

“हो. आपण सगळे मोकळ्यावर ऐकत बसलो. पंखा ऐकायचाच तर जाळीवर बसवून ऐकायला पाहिजे होता.” मग तो जरा वेळ माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. “महिना संपत आला, दादा.”

दुसऱ्या खेपेला आणलेले पंखे रुंद, जाड पात्यांचे होते. पाती कमी आणि चौकटीला जवळजवळ घासतील अशी. कडेने वारा निसटू नये म्हणून पंखा आणि जाळी यांच्यामध्ये रबराची पट्टी लावायची होती. घरात तशा जाडीची मऊ वस्तू एकच होती, धाकटीची व्यायामाची चटई. थंडोबाने तिची कड सुबक कापून घेतली. दुसऱ्या दिवशी धाकटी चटई पसरून पालथी झाली आणि तिची हनुवटी फरशीवर आपटली.

“अरे, माझी चटई कोणी कुरतडली?”

“थोडीशीच,” कपाटापलीकडून आवाज आला.

त्यामुळे सगळं बाहेर आलं. चकित करायचा बेत फसला आणि तेच बरं झालं. कारण या वेळी परीक्षेला ती स्वतः हजर होती. मीही होतो, जड मशीन आडवं करायला कोणीतरी साडू लागतोच. दोन जातींचे पंखे शेवटपर्यंत टिकले होते. थंडोबाने आवाज मोजायचं एक यंत्र आणलं होतं. दोन्ही जाती जाळीवर बसवून, मशीन पुरेसं तापवून त्याने मोजमाप केलं आणि जाहीर केलं, “पहिला चांगला. आकडा कमी आहे.”

“तुझं ते यंत्र माझ्या खुर्चीवर बसून शिकवतं का?” धाकटीने विचारलं. ती कपाटाच्या अलीकडे गेली, आपल्या खुर्चीवर बसली आणि तिने डोळे मिटले. “लाव आता. कुठला लावलाय ते सांगू नकोस.”

त्याने पहिला लावला.

“हा नको. हा कुजबुजतोय. बारीक आहे, पण ‘स’ आहे यात.”

त्याने पंखे काढले, दुसरे बसवले. त्याला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात धाकटी डोळे मिटूनच बसून होती. मला वाटलं झोपली. मशीन तापलं, पंखे फिरू लागले. खालच्या पट्टीतला, तोंड मिटून कोणी गुणगुणावं तसा आवाज आला.

“हा,” धाकटी म्हणाली.

“अगं, याचा आकडा जास्त आहे.”

“असू दे. हा ‘म’ म्हणतोय. खुशाल म्हणू दे. ‘म’ सरांना येतो.”

थंडोबा हातातल्या यंत्राकडे बघत राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर मिलिमीटरवर भरवसा ठेवला, त्याला आकड्याच्या विरुद्ध जायचं म्हणजे काय वाटत असेल, ते त्याचं त्यालाच माहीत. त्याने यंत्र बंद करून खोक्यात ठेवलं आणि खोका माझ्या हातात दिला. “तुमच्याकडे असू दे, दादा. ताईंना घोरणं मोजता येईल.”

सहाही पंखे बसल्यावर आणखी एक खोड निघाली. एकेकटे गुणी, पण सहा एकत्र आले की त्यांच्या गुणगुणण्याला लाटा यायच्या: घूंऽऽ… घूंऽऽ… घूंऽऽ… सहा भावंडं एकाच सुरात गायला बसली आणि प्रत्येकाचा सूर केसाएवढा वेगळा. धाकटीने कपाटावर टकटक केलं. थंडोबाने वरच्या तिघांना मुद्दाम बरंच हळू केलं, पुढच्या तिघांना जरा पुढे जाऊ दिलं. लाटा थांबल्या. शेवटचं काम त्याच्या स्वभावाला साजेसं केलं. आधी पंखे चिपच्या गरमीवर चालायचे, आणि चिप म्हणजे घटकेत लाल, घटकेत गार. पंखेही तिच्या तालावर नाचायचे. त्याने त्यांना पाण्याच्या गरमीशी बांधलं. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, उगाच कोणाच्या अंगावर धावून जात नाही.

“म्हणजे मशीनला तू तुझ्यासारखं केलंस,” मी म्हणालो.

“आधी ते तिच्यासारखं होतं,” तो अगदी हळू म्हणाला. तरी कपाटापलीकडून “ऐकलंय मी!” आलंच.

हेडमास्तरांचा त्या महिन्यातला शेवटचा तास होता, त्या दिवशी थंडोबाने मला बोलावून घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही. कपाटापलीकडे त्याच्या शेजारी स्टुलावर बसलो. समोर मशीन सकाळपासून काम करत होतं. एक आख्खी वसाहत, बागेसकट. काचेवर हात ठेवला तर चांगली ऊब लागत होती. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर शिक्षेची वाट बघत उभ्या असलेल्या दोन पोरांसारखे आम्ही दोघं मान खाली घालून ऐकत होतो.

“जीभ दातांच्या मागे, सर. चिकटवू नका. मधून वारा जाऊ दे.”

“…ह.”

“जवळ आलात. कालच्यापेक्षा जवळ. परत.”

मला तर काहीच कळलं नाही. धाकटीला मात्र कालचा आणि आजचा श्वास वेगळा ऐकू येत होता. थंडोबाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पुन्हा. पुन्हा. हेडमास्तर दमले. त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. चाळीस वर्षं दुसऱ्याची उत्तरं चुकीची ठरवलेल्या माणसाला स्वतःचं उत्तर पुन्हा पुन्हा चुकवणं सोपं नसतं.

“राहू दे सर,” धाकटी म्हणाली. “चहा घेऊ.”

कपाची किणकिण झाली. मग काही वेळ नुसती शांतता, आणि तळाशी ते गुणगुणणं. हेडमास्तर इतके दिवस त्या मशीनवर चिडून होते. तास सुरू झाला, की ते कपाटाकडे बोट दाखवायचे आणि कानांवर हात ठेवायचे. आज त्यांनी कपाटाकडे पाहिलं असावं. आम्हाला काही दिसत नव्हतं. पण त्यांचा तो जाड, अडकणारा आवाज आला. धाकटीसाठी नाही, अभ्यास म्हणून नाही. माणूस सहज विचारतो तसा.

“स… सुरू… आहे?”

माझ्या गुडघ्यावरचा हात घट्ट झाला.

धाकटीला ऐकू आलं होतं. ते तर मलाही आलं होतं. पण तिने विचारलं, “काय म्हणालात, सर?”

यावर हेडमास्तर रागावले. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारणारा विद्यार्थी त्यांना कधीच आवडला नव्हता. “म… मी… म्ह… सुरू आहे का… ते!”

“हो सर,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. “सुरू आहे. सकाळपासून सुरू आहे.”

आपण काय बोललो हे हेडमास्तरांना बहुधा तेव्हा कळलं. कारण त्यानंतर कपाटापलीकडून जे ऐकू आलं ते अक्षर नव्हतं, शब्द नव्हता. म्हातारं माणूस हसत असताना आणि रडत असताना एकच आवाज निघतो, तो होता.

थंडोबाने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला. मी काही बोलायला तोंड उघडलं तर त्याने हाताने गप्प केलं. पलीकडे धाकटी फोनवर बोलत होती. “हो, शिंपीदादा, मीच. खोली नको. नाही, नाही, खोलीत खोट काहीच नाही. खिडकी फार चांगली आहे. घरीच जमतंय.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. आता थंडोबा कपाटाला वळसा घालून जाईल, बायकोला काहीतरी चांगलं बोलेल, अशी माझी अपेक्षा होती. तो उठला खरा. वळसा घालून धाकटीसमोर जाऊन उभाही राहिला. मीही मागोमाग जाऊन दाराजवळच्या खुर्चीत टेकलो, कारण असले प्रसंग रोज बघायला मिळत नाहीत. त्याने घसा साफ केला. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

“मी काय म्हणतो,” तो म्हणाला, “वरचे तीन काढून उलटे बसवून बघू का? ओढून घेतील वारा. आकडा आणखी खाली येईल.”

“हात लावून बघ त्या पंख्यांना,” धाकटी डोळे पुसत म्हणाली. “शिंप्याला लावलेला फोन अजून गरम आहे.”

“अगं, दोन मिनिटांचं काम…”

हेडमास्तरांनी चहाचा कप बशीत ठेवला. चांगला बरा असलेला हात उचलला, समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि थंडोबाच्या डोळ्यांत बघून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले:

“बस!”

थंडोबा बसला. मी आधीच बसलेलो होतो. तरी पाठ ताठ करून पुन्हा एकदा बसलो.